शिवणबाईंची तारीख

४ फेब्रुवारी

ही वकिलाची डायरी आहे. कोर्टात नेतात ती. दर पानावर रकाने छापलेले: मागील तारीख, पक्षकार, काम, पुढील तारीख. येताना सवयीनं बॅगेत टाकली आणि इथे पोचल्यावर लक्षात आलं, की पूर्ण सेमेस्टरभर हिच्यात लिहायला माझ्याकडे एकही केस नाही. म्हणून आता रकान्यांवरून आडवं लिहिते आहे.

वकिलाच्या डायरीत काय घडलं ते नसतं, पुन्हा कधी यायचं ते असतं. माझ्या जुन्या डायऱ्या घरी माळ्यावर आहेत. त्या वाचून कुणाला माझ्याबद्दल एवढंच कळेल, की ही बाई कायम पुन्हा येणार होती.

खोली बरी आहे. खिडकी समोरच्या इमारतीच्या भिंतीकडे उघडते. कपाटाचं दार लागत नाही, त्यात कागदाची घडी अडकवली आहे. घरमालकीण बोलते भरभर आणि ऐकते सावकाश. कॉलेजात असताना हौसेनं स्पॅनिशचे संध्याकाळचे वर्ग केले होते, त्या जुन्या भांडवलावर इथे परदेशी शिकायला आले. गरम पाणी कधी येतं एवढं विचारताना आज असा घाम फुटला की अंघोळीची गरज दुप्पट झाली.

थकले आहे. प्रवासानं म्हणावं तर झोपून उठले तरी थकलेलीच आहे.

१० फेब्रुवारी

परक्या भाषेत दिवसभर ऐकलं की जबडा दुखतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बोलत नाही तरी दुखतो. वर्गात विनोद झाला की सगळे हसतात, मग मी हसते, मग माझ्याकडे बघून सगळे पुन्हा हसतात. वयानं मी बहुतेकांची मावशी शोभेन.

दिवाणी कामकाज शिकवणाऱ्या प्राध्यापकबाई साठीच्या आहेत. आवाज घोगरा, स्वेटरच्या खिशाला चार पेनं. त्यांनी आज सांगितलं, की इथे तोंडी सुनावणी म्हणजे एकच दिवस. साक्षीदार, कागद, युक्तिवाद, सगळं एका बैठकीत. मी हात वर करून विचारलं, "आणि नाही संपलं तर?" त्यांना प्रश्नच कळला नाही. माझ्या भाषेचा दोष असेल म्हणून मी पुन्हा विचारला. मग कळलं की भाषेचा नव्हता.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी दहा वर्षं रोज चढते आहे, तेव्हा माझं काय ते ठरलेलंच आहे.

१६ फेब्रुवारी

बाबांचा फोन होता. बाबा म्हणजे सासरे. त्यांच्याच ऑफिसात मी लग्न झाल्यापासून ज्युनियर आहे. ऑफिस खाली, घर वर. खाली त्यांना सर म्हणायचं, वर बाबा. जिन्यात भेटले की पंचाईत.

किती आपुलकीनं चौकशी केली! ही शिष्यवृत्तीसुद्धा त्यांनीच शोधली. कोर्टातल्या वकिलांच्या बार रूममधली नोटीस काढून घरी घेऊन आले, म्हणाले, "तुला ती भाषा येते ना? मग गंजवतेस कशाला? जा, शिकून ये." नवऱ्याला धक्काच बसला. तो कारखान्यात इंजिनियर, त्याला बाबांसमोर यंत्रासारखं एकाच दिशेनं फिरायची सवय. माझ्या लेकीला, चिऊला, आई म्हणजे सासूबाई सांभाळतील, तेही बाबांनीच ठरवलं. माझ्या मैत्रिणींचे सासरे माहेरी जाऊ देताना कपाळाला आठ्या घालतात, आणि माझे मला समुद्रापलीकडे पाठवतात. नशीब काढलं मी.

निघताना सगळ्यांदेखत म्हणाले होते, "जुलैत शिवणबाईंच्या दाव्याची अंतिम सुनावणी आहे. तोवर येशीलच. युक्तिवाद तूच करायचास." दहा वर्षांत मी एकही युक्तिवाद केलेला नाही. हा पहिला.

२३ फेब्रुवारी

आज वर्ग नव्हता. दिवसभर पडून होते. शिवणबाईंची आठवण आली.

त्यांचा शिवणक्लास आहे. घराचं पुढचं दार बोळात उघडायचं, बोळातून रस्ता. नऊ वर्षांपूर्वी शेजाऱ्यानं बोळ आपलाच म्हणून त्यात भिंत घातली. आता दार वीतभर उघडतं आणि भिंतीला टेकतं. क्लासच्या मुली मागून येतात, दुसऱ्यांच्या धुण्याच्या दोऱ्यांखालून वाकून. आमचा दावा वहिवाटीचा आहे: ज्या वाटेनं माणूस पिढीभर उजळ माथ्यानं गेलं, ती वाट त्याची.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा बाईंनी गळ्यातली टेप काढून एक टोक माझ्या हातात दिलं. आम्ही दोघींनी बोळ मोजला. मी आकडे लिहीत होते आणि त्या म्हणाल्या, "छातीचं माप घेताना श्वास सोडायला सांगते मी बायकांना. इथे घर श्वास सोडतच नाही बघा."

तेव्हापासून भिजत घोंगडं. आणि माझं काम काय? उभं राहायचं आणि म्हणायचं, "साहेब, माझे सिनियर दुसऱ्या कोर्टात आहेत, तारीख मिळावी." हे मला इतकं छान जमतं की दुसरे वकीलही आपली तारीख माझ्याकडून मागून घेतात. बाहेर आले की बाई विचारायच्या, "काय झालं?" मी सांगायची, "पुढची तारीख मिळाली." त्या कधी रागावल्या नाहीत. म्हणायच्या, "बरं. चहा घेऊन जा." एकदा माझ्या काळ्या कोटाचं फाटलेलं अस्तर बघितलं आणि कोटच काढून घेतला. नवं अस्तर घालून दिलं. "तुम्ही बोलाल त्या दिवशी फाटकं नको."

तो कोट इथे आणला आहे. कपाटाच्या न लागणाऱ्या दारातून दिसत राहतो.

७ मार्च

आनंदाची म्हणावी की काळजीची, अशी बातमी. बाबा म्हणाले, शिवणबाईंची केस एकदम पुढे आली, एप्रिलच्या बाराला लागली आहे. कोर्टाचं बोर्ड, म्हणजे दिवसाच्या कामांची यादी, हलकं झालं असेल. एरवी हाका मारूनही न येणारी केस नेमकी मी नसताना यावी! मी घाबरले. ते हसले. "अगं, तारीख घेऊ. पण नुसती तारीख मागितली तर साहेब खवळतात. चार मुद्दे बोलता आले पाहिजेत. तू तुझे मुद्दे लिहून पाठव सविस्तर. धाकटा उभा राहील."

धाकटा म्हणजे माझा दीर. दोन वर्षांपूर्वी वकील झाला. अर्ज कसा लिहायचा ते मीच शिकवलं त्याला. गोड मुलगा आहे, फक्त बूट पुसण्यात जितका वेळ घालवतो तितका कागदात घालवत नाही.

९ मार्च

दोन दिवस वाचनालयात बसून मुद्दे लिहिले. तारखेसाठी इतकं कशाला हवं, असं एकदा मनात आलं. पण लिहायला बसले आणि हात थांबेना. प्रत्येक साक्षीदार, कोण कुठे अडखळला, शेजाऱ्याच्या नकाशात काय लपवलंय, सगळं मला पाठ होतं. मलाच नवल वाटलं. दहा वर्षं मी नुसती उभी राहत होते असं मला वाटायचं. बसून वाचतही होते की.

पाठवलं. बाबांचं उत्तर आलं: "उत्तम!" उद्गारचिन्हासकट. पहिल्यांदाच.

१६ मार्च

सकाळी वर्गात जाण्याआधी जिन्यावर बसून चिऊशी बोलले. तिकडे संध्याकाळ. तिचा पुढचा दात पडला आहे, त्यामुळे सगळं फुसफुसत सांगते. म्हणाली, "काका रोज आरशासमोर कोट घालून बोलतो. मी जज. मला टेबलावर बसवतो. 'महोदय, ही वाट आमची आहे,' असं म्हणतो. मग मी हातोडा मारते."

हसले खूप. पोरगं मनावर घेतंय म्हणायचं. तारीख मागायलाही तालीम करतो! मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा माझी तालीमही झाली नव्हती, त्याला निदान आरसा तरी आहे.

दिवसभर मात्र चिऊचं ते फुसफुसणं कानात राहिलं. लेक हवीशी वाटली, फार.

२४ मार्च

आज फजिती झाली. लिहायला नको वाटतं, पण लिहिते.

वर्गात लुटुपुटूची सुनावणी होती. प्राध्यापकबाई न्यायाधीश. माझ्याविरुद्ध डोक्यावर गॉगल अडकवून फिरणारा एक मुलगा. विषय घरभाड्याचा. मी तयारी केली होती, कोट घातला होता, पहिली पाच वाक्यं पाठ होती. गॉगलवाल्यानं मधेच एक नवा कागद काढला. आणि मी, काही कळायच्या आत, मान झुकवून म्हणाले, "पुढची तारीख मिळावी."

मुलांत खसखस पिकली. प्राध्यापकबाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं. रागावल्या नाहीत. चष्म्यावरून माझ्याकडे बघत त्यांनी विचारलं, "तुम्ही कुणाची वाट बघताय?"

मी म्हणाले, "माझ्या सिनियरची."

"ते येणार आहेत?"

मी मान हलवली. म्हणाले, "नाही. ते इथे नसतात."

"मग कागद तुम्हीच वाचा."

मला वाचता आला नाही. अक्षरं दिसत होती, अर्थ लागत नव्हता. खाली बसले. एप्रिलअखेर पुन्हा संधी देणार आहेत. नाही जमलं तर या विषयात नापास, म्हणजे शिष्यवृत्तीच्या प्रमाणपत्रावर पाणी. बाबांना काय तोंड दाखवू? त्यांनी इतक्या विश्वासानं पाठवलं.

३ एप्रिल

बाबांनी सुचवलं, की आणखी एक सेमेस्टर वाढवून मिळत असेल तर बघ. "घरची काळजी करू नकोस. ऑफिसचीही नको." मग आईंनी फोन घेतला. जेवतेस का, थंडी आहे का, असं विचारलं. शेवटी आवाज खाली करून म्हणाल्या, "घाई करून येऊ नकोस असं ते म्हणताहेत. मी नाही म्हणत. तू आपली ये."

आई एकट्या पडल्या असतील. चिऊच्या मागे धावून दमल्या असतील. मी मात्र इथे नुसत्या स्वतःच्या थकव्याचं कौतुक करत बसले आहे.

नवऱ्याला विचारलं, सगळं ठीक ना? तो म्हणाला, "बाबांचं वय झालंय. त्यांच्या कलानं घेऊ." मी म्हटलं, घेतेच आहे की. तो काहीतरी बोलणार होता, मग म्हणाला, रेंज नाही. आवाज तर स्वच्छ येत होता.

मन चिंती ते वैरी न चिंती. झोपते.

१२ एप्रिल

आज तिकडे शिवणबाईंची तारीख. शुभेच्छांचा निरोप भावजींना पाठवला. कुणी काही कळवलं नाही. फोन लावला, उचलला नाही. तारखेला काय एवढा वेळ लागतो?

१३ एप्रिल

हे नीट लिहायला हवं.

सकाळी पोळपाटाएवढ्या माझ्या टेबलाशी चहा घेत होते. शिवणबाईंचा फोन. त्यांनी मला परदेशात कधी फोन केला नव्हता. क्लासमधल्या कुणा मुलीनं लावून दिला असावा. त्या ओरडूनच बोलत होत्या, अंतर लांबचं म्हणून.

"बाई, बऱ्या आहात ना? आधी सांगा, तुम्ही आमची केस सोडलीत का?"

"नाही हो! कोण म्हणालं?"

"म्हणालं कुणी नाही. पण काल तुमचे धाकटे साहेब उभे राहिले आणि एकदम बोलायलाच लागले. वहिवाट काय, नकाशा काय. मी मागच्या बाकावर. मला वाटलं तारीख मागताहेत. पण हे तर तुमचं बोलणं बोलत होते! तुम्ही माझ्या ओट्यावर बसून मला समजावून सांगायचात ना, तेच, तसंच्या तसं. शब्दनशब्द."

मी कप खाली ठेवला. विचारलं, "पण केस इतक्या लवकर लागली कशी?"

"म्हणजे? तुमच्या मोठ्या साहेबांनीच अर्ज दिला ना, जानेवारीत. म्हातारं माणूस आहे, लवकर ऐका म्हणून. माझी सही घेतली. मला वाटलं, तुम्ही येणार आहात तेव्हा."

जानेवारीत. मी निघायच्या आधी. मी बॅग भरत होते आणि खाली ऑफिसात बाबा अर्ज लिहीत होते. मग तेच वर येऊन मला विचारत होते, स्वेटर घेतलास का?

ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हणतात, ते हेच. आणि भांडं मीच धुऊन दिलं होतं, सगळे मुद्दे क्रमानं लावून. चिऊनं तर मला सांगितलंही होतं. सात वर्षांच्या मुलीला दिसलं ते मला दिसलं नाही.

बाई बोलतच होत्या. "मग जजसाहेबांनी विचारलं, की दार कोणत्या अंगाला उघडतं? तर हे कागद चाळायला लागले. अहो, माझ्या दारात कधी आलेच नाहीत ते. चुकून आले असते तरी भिंतीला थडकले असते. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला निघाले! मला राहवलं नाही. मी उठले."

"उठलात म्हणजे?"

"उभी राहिले. म्हटलं, साहेब, माझी वकील परदेशात शिकायला गेली आहे. ती आली की बोलेल. तोवर मला तारीख मिळावी."

मी खुर्ची मागे सारून उभीच राहिले.

"सगळं कोर्ट हसलं हो. साहेबही हसले. म्हणाले, आजी, नऊ वर्षं तारखा झाल्या, तुम्हाला कंटाळा नाही आला? म्हटलं, आला. पण इतक्या तारखा तिनं माझ्यासाठी मागितल्या, एक मी तिच्यासाठी मागते. सुट्टी संपल्यावर जूनची अठ्ठावीस दिली आहे. शेवटची, म्हणाले. आता मात्र या हं बाई. माझे गुडघे फार दिवस वाकून येऊ देणार नाहीत."

फोन ठेवल्यावर रडले. आधी बाबांच्या रागानं, मग कशानं ते कळलं नाही. आनंद झाला होता, हे खरं. बाईंचं दार आणखी अडीच महिने बंद राहणार आणि मला आनंद झाला, याची लाजही वाटली. दोन्ही खरं आहे.

१४ एप्रिल

बाबांचा फोन. सर म्हणून बोलले, बाबा म्हणून नाही.

"तुझ्या अशिलानं भर कोर्टात माझं नाक कापलं. तू शिकवलंस तिला?"

"नाही."

"धाकट्याचं नाव व्हायची संधी होती. तुला काय कमी आहे? घर तुझंच, ऑफिस तुमचंच. वकिली त्याला पुढे चालवायची आहे, त्याच्या नावाची पाटी लागायची आहे. तू समजूतदार आहेस. बाईला एक फोन कर. म्हणावं, धाकटे साहेबच बोलतील. तुझं ऐकेल ती."

माझ्या तोंडात नेहमीचं वाक्य तयार होतं: "विचार करून सांगते." घरात दहा वर्षं हेच म्हणत आले आहे. नोकरी धरू का, वेगळं राहू या का, दुसरं मूल हवं का, सगळ्याला पुढची तारीख. आणि मग प्रत्येक वेळी माझ्या गैरहजेरीत निकाल लागलेला असायचा. प्राध्यापकबाईंचा घोगरा आवाज आठवला.

म्हणाले, "नाही बाबा. फोन करणार नाही. अठ्ठावीसला मी उभी राहणार."

ते म्हणाले, "हे तिकडे शिकलीस?"

"नाही. तुमच्याकडेच शिकले, तुमच्या ऑफिसात. इथे फक्त झोप काढायला वेळ मिळाला."

त्यांनी फोन ठेवला. नवऱ्याचा संध्याकाळी निरोप आला: "मला माहीत होतं. सांगायला हवं होतं." त्याला काय उत्तर द्यायचं ते ठरलेलं नाही. ते समोर बसूनच देईन.

घरी गेल्यावर काय वाढून ठेवलंय कोण जाणे. आई मात्र एका शब्दात कळवून मोकळ्या झाल्या: "ये."

२८ एप्रिल

सुनावणी झाली, लुटुपुटूची. गॉगलवाल्यानं या वेळीही ऐनवेळी कागद काढला. बहुधा मुद्दामच, पण बिचाऱ्यानं आधी माझ्याकडे बघून घेतलं. मी म्हणाले, "वाचायला दोन मिनिटं द्या." तिथेच उभी राहून वाचला. दोन शब्द अडले, ते त्यालाच विचारले. मग बोलले. वाक्यं मोडकी, क्रियापदं कुठल्या कुठे, पण मुद्दा शेवटपर्यंत नेला. खाली बसले तेव्हा पाठ भिजली होती आणि कोटाचं अस्तर चिकटलं होतं.

प्राध्यापकबाईंनी जेमतेम पास केलं. म्हणाल्या, भाषा सुधारा. बस्स.

खोलीवर येऊन ही डायरी उघडली. थकले आहेच, पण आज कशानं ते माहीत आहे. रकान्यांवरून आडवं लिहायचं थांबवून जूनचं पान काढलं आणि बऱ्याच दिवसांनी रकान्यांत लिहिलं. मागील तारीख: बारा एप्रिल. पक्षकार: शिवणबाई. काम: युक्तिवाद, मी स्वतः.

पुढील तारीख या रकान्यात रेघ मारली.